जुना प्रक्षेपण-दूरचित्रवाणी संच : पारख, खरेदी आणि निगा

ज्याचे उत्पादन थांबले आहे असे यंत्र विकत घेणाऱ्याला दोन गोष्टींचे ज्ञान असावे लागते. ते नवे असताना कसे चालत होते हे त्याला ठाऊक हवे, आणि जुने होताना त्याचा कोणता भाग कोणत्या रीतीने झिजतो हेही ठाऊक हवे. पडद्याच्या मागील बाजूने चित्र टाकणारा दूरचित्रवाणी संच, म्हणजे व्यवहारात ज्याला रिअर प्रोजेक्शन टेलिव्हिजन म्हणतात तो, अशा यंत्रांपैकी एक होय. अमेरिकेतील घरांत १९९० नंतरच्या दीड दशकात तो मोठ्या संख्येने शिरला. सोनी कंपनीने डिसेंबर २००७ मध्ये या धंद्यातून अंग काढून घेत असल्याचे जाहीर केले, आणि शेवटपर्यंत टिकून राहिलेल्या मित्सुबिशीने डिसेंबर २०१२ मध्ये उत्पादन थांबविले. त्यामुळे आज मिळणारा प्रत्येक संच वापरलेलाच असतो. तो बहुधा नाममात्र किमतीत, पुष्कळदा केवळ उचलून नेण्याच्या बोलीवर मिळतो, आणि नेमक्या याच कारणाने घेणाऱ्याची फसगत होण्याचा संभव अधिक. फुकट पदरात पडलेल्या शंभर किलोच्या पेटीची खरी किंमत वाहतूक, दुरुस्ती आणि अखेरची विल्हेवाट या तीन रकमांत चुकती करावी लागते.

या संचांत आढळणाऱ्या दोषांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. काही दोषांत यंत्राचा एखादा भाग जागेवरून ढळलेला असतो, मळलेला असतो किंवा सुटा करून बदलता येण्याजोगा असतो. इतर दोषांत ज्या द्रव्यातून प्रकाश निर्माण होतो किंवा ज्यातून तो गाळला जातो ते द्रव्यच खर्ची पडलेले असते. पहिल्या वर्गातील दोष पडद्यावर पुष्कळदा फार भीषण दिसतो, तर दुसऱ्या वर्गातील दोष इतका सौम्य असतो की घाईने पाहणाऱ्याच्या तो ध्यानातच येत नाही. परिणामी सामान्य ग्राहक दुरुस्त होण्याजोगा संच नाकारतो आणि आयुष्य संपलेला संच घरी नेतो. या उलट्या न्यायाचे मूळ यंत्राच्या रचनेत आहे, म्हणून प्रथम रचनेचा विचार करणे अवश्य ठरते.

यंत्राची रचना

मोठे चित्र हवे असेल तर मोठी काचनलिका करावी हा मार्ग फार दूर जात नाही. निर्वात नलिकेच्या दर्शनी काचेवर वातावरणाचा दाब पडत असतो, आणि काचेचे क्षेत्र वाढेल तशी तिची जाडीही वाढवावी लागते. घरगुती वापराच्या नलिका सुमारे ४० इंचांपाशी थांबल्या, आणि त्या आकाराच्या संचाचे वजन सव्वाशे किलोच्या पुढे गेले. यास्तव लहान नलिकेवर अतिशय प्रखर चित्र काढून ते भिंगांनी मोठे करावे ही कल्पना दूरचित्रवाणीच्या बाल्यावस्थेतच पुढे आली. आर. सी. ए. कंपनीने १९४७ साली अमेरिकेत विकलेल्या संचात पाच इंची नलिकेचे चित्र मागून पडद्यावर टाकलेले होते. फिलिप्सने त्याच सुमारास केवळ अडीच इंच व्यासाची नलिका २५,००० व्होल्ट दाबावर चालवून हेच साधले. दोन्ही ठिकाणी प्रकाश गोळा करण्यासाठी वापरलेली योजना मूळची खगोलशास्त्रातील होती. हाम्बुर्गच्या वेधशाळेत काम करणाऱ्या बर्नहार्ट श्मिट याने १९३० च्या सुमारास तारकांची छायाचित्रे घेण्यासाठी गोलीय आरसा आणि दोषनिवारक काच यांची जी जोडी बसविली, तीच येथे उलट दिशेने योजलेली होती. तारेकडून येणारा प्रकाश गोळा करण्याऐवजी नलिकेचा प्रकाश ती पडद्याकडे धाडीत असे.

रंगीत प्रक्षेपण पुढे तीन नलिकांनी साधले. हेन्री क्लॉस याने १९७० च्या दशकाच्या आरंभी बाजारात आणलेला तीन नलिकांचा संच समोरून चित्र टाकणारा होता. तीच मांडणी पुढे बंद पेटीत गेली आणि घरोघरी पोचली. पेटीच्या तळाशी सात इंची तीन एकरंगी नलिका ओळीने बसविलेल्या असतात. हिरवी बहुधा मध्यभागी असून तांबडी आणि निळी दोन बाजूंना असतात. प्रत्येकीच्या तोंडावर भिंगांचा संच असतो. तिन्हींचा प्रकाश मागील तिरप्या आरशावरून परावर्तित होऊन पडद्याच्या पाठीवर पडतो.

या योजनेत प्रकाशाची किती ओढाताण होते हे साध्या हिशेबाने कळते. नलिकेवरील चित्राचा कर्ण सुमारे ५ इंच धरला आणि पडदा ५० इंची असला, तर लांबी दहापट आणि क्षेत्र शंभरपट वाढते. भिंगांत आणि आरशावर होणारी घट वेगळीच. ही उणीव भरून काढण्यासाठी दोन्हीकडून प्रयत्न होतात. नलिका सुमारे ३०,००० व्होल्ट दाबावर, फॉस्फरच्या लेपाला सोसेल तितक्या तीव्र इलेक्ट्रॉन-शलाकेने चालविली जाते, आणि पडदा आलेला प्रकाश चहूकडे न उधळता मुख्यतः प्रेक्षकांच्या बैठकीकडे वळवितो. पडद्याचा आतील थर म्हणजे फ्रेनेलचे भिंग होय. ओग्युस्तँ फ्रेनेल याच्या ज्या भिंगाने १८२३ साली फ्रान्समधील कोर्दुआँच्या दीपगृहात प्रथम काम केले, त्याचाच हा प्लास्टिकचा, वर्तुळाकार खाचांचा पातळ वंशज. बाहेरील थरावर सूक्ष्म उभी दंडगोल भिंगे असतात. ती प्रकाश आडव्या दिशेने पसरवितात, वरखाली मात्र फारसा पसरू देत नाहीत. म्हणूनच असा संच उभ्याने पाहिला तर अंधूक दिसतो आणि खाली बसताच उजळतो. विक्रेत्याच्या घरी उभ्या उभ्या पाहून 'याचे तेज गेले' असा निर्वाळा देणारे ग्राहक पुष्कळ. त्यांनी खुर्ची मागून घ्यावी हे बरे.

तीन नलिकांच्या संचाची वार्धक्यलक्षणे

तीन चित्रे एकमेकांवर रेषेला रेषा जुळून पडणे याला अभिसरण म्हणू. बाजूच्या नलिका पडद्याकडे तिरप्या पाहतात, त्यामुळे त्यांची चित्रे मुळातच वेडीवाकडी, एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला बुटकी अशी पडतात. ती सरळ करण्यासाठी प्रत्येक नलिकेच्या मानेभोवती एक जादा वेटोळे असते, आणि त्यात पडद्याच्या प्रत्येक भागासाठी निराळा दुरुस्ती-प्रवाह सोडला जातो. तीन रंग आणि प्रत्येकाच्या आडव्या व उभ्या अशा दोन दिशा मिळून सहा प्रवाह होतात. ते पुरविणारे सहा प्रवर्धक बहुसंख्य संचांत दोन मोठ्या आय. सी.मध्ये, प्रत्येकीत तीन असे, सामावलेले असतात. या आय. सी. अखंड तापतात, आणि तीन नलिकांच्या संचात सर्वांत अधिक वेळा निकामी होणारा भाग तोच होय.

असे झाले म्हणजे पडद्यावर हाहाकार माजतो. तांबडे चित्र धनुष्यासारखे वाकते, निळे आक्रसते, माणसाच्या चेहऱ्याभोवती तीन रंगांच्या तीन सावल्या नाचू लागतात. घरमालक संच मोडीत काढण्याच्या निर्णयाला बहुधा याच क्षणी येतो. वस्तुतः येथे नलिका, भिंगे, पडदा यांपैकी कशालाही इजा झालेली नसते. दोन्ही आय. सी. एकदम बदलणे, त्यांच्या शेजारचे जळालेले रोधक मोजून पाहणे आणि उष्णताशोषक पट्टीवर नवा लेप देऊन त्या घट्ट बसविणे एवढ्याने काम भागते. अडचण असते ती अस्सल भाग मिळण्याची. मूळ आय. सी.च्या नावाने विकला जाणारा नकली माल पुष्कळ आहे, आणि तो काही दिवसांतच दगा देऊन सोबत इतर भागांनाही नेतो.

यापेक्षा सौम्य असे जे ढळणे असते, म्हणजे पांढऱ्या अक्षराच्या कडेला तांबडी वा निळी किनार दिसणे, तो दोषच म्हणू नये. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचा इलेक्ट्रॉन-शलाकेवर परिणाम होत असल्यामुळे संच एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीकडे वळविला तरी अभिसरण थोडे बदलते. तापमानानेही ते सरकते. दूरनियंत्रकावरील यादीतून जाळीचे चित्र पडद्यावर आणून तांबडा आणि निळा क्रूस हिरव्यावर बसविणे हे मालकाचे नित्यकर्म आहे. ते संच किमान अर्धा तास चालल्यावरच करावे. याच ठिकाणी पारखीचा एक उपयोगी नियम हाती येतो. यादीतून हलविल्यावर क्रूस सरकत असेल तर केवळ जुळणी ढळली आहे, आणि आज्ञा देऊनही तो जागचा हलत नसेल तर प्रवर्धक गेला आहे. अर्थात् दूरनियंत्रक हाती नसेल तर ही परीक्षाच करता येत नाही. मूळ दूरनियंत्रकाविना मिळणारा संच म्हणून कमी किमतीचा समजावा.

दुसऱ्या वर्गातील मुख्य दोष फॉस्फरच्या झिजेचा. लेपाच्या ज्या भागावर इलेक्ट्रॉनांचा मारा अधिक झाला तो भाग कमी प्रकाश देऊ लागतो. सर्व पृष्ठभाग सारखा झिजला तर डोळ्याला काही कळत नाही. घात होतो तो स्थिर चित्राने. बातम्यांच्या वाहिनीची तळपट्टी, व्हिडिओ-खेळातील गुणफलक, वाहिनीचे बोधचिन्ह, आणि रुंद पडद्यावर जुने चौकोनी चित्र पाहताना दोन्ही बाजूंस राहिलेले काळे पट्टे, या सर्वांचे ठसे लेपावर उमटतात. काळ्या पट्ट्यांचा ठसा उलट्या प्रकारचा असतो. तेथील लेप ताजा राहतो आणि मधला झिजतो, म्हणून पुढे पूर्ण रुंदीचे चित्र लावले की बाजूचे दोन उभे पट्टे अधिक उजळ दिसतात. तिन्ही नलिका सारख्या झिजत नसल्याने अशा ठशाला बहुधा रंगाची छटाही असते. चालत्या, रंगीबेरंगी चित्रात हे सारे लपून जाते. म्हणून विक्रेत्याने लावून ठेवलेला चित्रपट किंवा क्रीडासामना पाहून समाधान मानू नये. सपाट पांढरे, मग करडे, आणि मग एकेक रंगाचे चित्र दाखविणारी तबकडी सोबत न्यावी. तीही नसेल तर बर्फाच्छादित मैदानाचे वा ढगाळ आकाशाचे दृश्य पुरते. संच बंद असताना विजेरीचा झोत भिंगातून आत टाकून नलिकेचे तोंड पाहण्याचीही रीत आहे. चित्राच्या आयताएवढा भाग किंचित तपकिरी दिसणे हे वयाला साजेसे आहे. त्या आयताच्या आत आणखी आकृत्या दिसू लागल्या तर मात्र संच सोडून द्यावा, कारण नलिका बदलल्याखेरीज यावर उपाय नाही आणि नव्या नलिका आता तयार होत नाहीत.

निळ्या रंगाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. निळ्या फॉस्फरवर प्रवाह वाढवीत गेले तरी त्याचे तेज त्या प्रमाणात वाढत नाही. ते लवकर संपृक्त होते. यावर तोड म्हणून निळ्या नलिकेची शलाका कारखान्यातच थोडी पसरट ठेवण्याची पद्धत होती, म्हणजे तोच प्रवाह अधिक क्षेत्रावर वाटला जातो. सूक्ष्म तपशिलाच्या बाबतीत डोळा निळ्या रंगात मंद असल्याने ही लबाडी खपून जाते. तेव्हा निळा क्रूस तांबड्याहून थोडा भुरकट दिसला तर तो बिघाड मानू नये.

नलिका आणि भिंग यांच्या मधल्या पोकळीत एथिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन यांचे मिश्रण भरलेले असते. ते नलिकेच्या तोंडाची उष्णता वाहून नेते, आणि काच व हवा यांच्या सीमेवर होणारे अनिष्ट परावर्तन टाळते. कालांतराने हा द्रव गढुळतो, क्वचित् त्यात बुरशीसारखे तंतू धरतात. मग उजळ वस्तूंभोवती दुधट वलय दिसते आणि काळा रंग करडा होतो. द्रव काढून, पोकळी धुऊन, नवा भरता येतो, आणि त्यानंतर चित्रात पडणारा फरक विलक्षण असतो. गळती मात्र गंभीर समजावी. द्रव खाली ओघळून उच्च दाबाच्या विद्युत्फलकांवर पोचला म्हणजे तेथे गंज आणि ठिणग्या दोन्ही सुरू होतात. पेटीच्या मागील जाळीतून पाहून तळाशी चिकट डाग आहे काय हे प्रथम तपासावे. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर असून विषारी आहे. ज्या घरात लहान मूल किंवा पाळीव जनावर आहे तेथे गळका संच नेऊच नये.

संच पाहावयास जाताना तो आधी लावून ठेवू नये असे विक्रेत्याला कळवावे. थंड अवस्थेतून सुरू होतानाच त्याची प्रकृती कळते. चित्र यायला लागणारा वेळ, उच्च दाबाच्या भागातून येणारा चुरचुर आवाज, ओझोनचा उग्र वास, आणि अर्ध्या तासात अभिसरण किती सरकते, या चार गोष्टी नोंदवाव्यात. घाई करणारा विक्रेता हाही एक पुरावाच असतो.

दिव्यावर चालणारे संच

नलिकांनंतर जे प्रक्षेपण-संच आले त्यांत प्रकाश एका स्वतंत्र दिव्याचा असतो आणि चित्र लहानशा चकतीवर घडते. ही चकती कोठे द्रवस्फटिकाची, कोठे सिलिकॉनवर बसविलेल्या द्रवस्फटिकाची, तर कोठे सूक्ष्म आरशांची असते. सूक्ष्म आरशांची चकती टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक याने १९८७ साली सिद्ध केली. तीवर लक्षावधी आरसे असून ते सेकंदाला हजारो वेळा १० ते १२ अंशांनी कलतात आणि प्रकाश पडद्याकडे किंवा अंधाराकडे धाडतात. अशा संचात बहुधा एकच चकती असते आणि तिच्यापुढे फिरणारे रंगचक्र क्रमाक्रमाने रंग पुरविते.

येथे अभिसरणाचा प्रश्न जवळजवळ नाहीसा झाला, पण झिजेचे स्थान बदलले. दिवा पाऱ्याच्या बाष्पाचा, २०० वातावरणांहून अधिक दाबावर चालणारा असतो, आणि काही हजार तासांनी मंदावतो वा फुटतो. दिवा हा मूळचाच बदलण्याचा भाग असल्याने अंधूक चित्राचे कारण तो असेल तर चिंता नाही. मात्र त्या संचाचा दिवा आजही मिळतो काय, याची चौकशी संच पाहावयास जाण्याच्या आधी करावी. स्वस्तातील अनामिक दिव्यांचे आयुष्य फार अल्प ठरते. संच बंद केल्यावर आतील पंखा काही काळ फिरत राहतो. तो थांबण्यापूर्वी खटका भिंतीवरून बंद करणे म्हणजे दिव्याचे आयुष्य हाताने कमी करणे होय.

न परतणारी झीज येथे दिव्यापलीकडच्या मार्गात असते. द्रवस्फटिकाच्या संचांत सेंद्रिय पटलाचे ध्रुवक उष्णतेने आणि प्रखर प्रकाशाने करपतात. निळ्या प्रकाशाच्या मार्गातील ध्रुवक प्रथम जातो आणि पडद्यावर पिवळे किंवा निळसर ढग दिसू लागतात. सूक्ष्म आरशांच्या संचांत काही आरसे एका बाजूला कललेले असे अडकून बसतात. त्यांचे पांढरे ठिपके प्रथम दोन-चार असतात, पण अशा चकतीवर त्यांची संख्या बहुधा वाढतच जाते. रंगचक्राचे बेअरिंग झिजले तर बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. प्रकाश एकसारखा करणाऱ्या आरशांच्या पोकळ दांडीचा गोंद उष्णतेने सुटला, तर चित्राच्या एका कडेला सरळ छाया पडते. शेवटचे दोन दोष दिसायला वा ऐकायला भयंकर असले तरी भाग बदलून सुधारतात.

पडद्यावरील डागाचे स्थान ओळखण्याची रीत प्रकाशशास्त्राच्या विद्यार्थ्याला सहज पटेल. ज्याच्या कडा रेखीव आहेत तो डाग चित्र घडविणाऱ्या पृष्ठावर किंवा पडद्यावरच आहे. ज्याच्या कडा विरघळलेल्या आहेत तो नाभीपासून दूर, भिंगावर किंवा आरशावर बसलेल्या धुळीचा आहे. तीन चकत्यांच्या संचात डाग एकाच रंगाचा असेल तर त्या रंगाच्या मार्गात शोध घ्यावा, आणि तो सर्व रंगांत दिसत असेल तर तिन्ही मार्ग एकत्र येतात त्यापलीकडे.

निगा

नलिकांच्या संचाचे आयुष्य वाढविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे प्रखरता कमी करणे. दुकानातील झगझगाटात उठून दिसावा म्हणून कारखान्यातून संच येताना त्याची कॉन्ट्रास्टची मात्रा अवाजवी चढविलेली असे, आणि कित्येक घरांत ती वर्षानुवर्षे तशीच राहिली. ती निम्म्याखाली आणावी आणि खोली अंधारी करावी. चित्र पाहण्यास सुखद होते आणि फॉस्फर वाचतो. स्थिर चित्र फार वेळ ठेवू नये. संगणकाचा पडदा म्हणून असा संच वापरणे हे तर त्याला विष घालण्यासारखेच आहे.

आतील धूळ हा दुसरा विषय. उच्च दाबाच्या सान्निध्यामुळे धूळ भिंगांकडे आणि आरशाकडे ओढली जाते आणि दहा-पंधरा वर्षांत एवढा थर साचतो की केवळ स्वच्छतेने चित्र नवे झाल्यासारखे वाटते. पण हात घालण्यापूर्वी एक भेद जाणावा. घरातील आरशाची चांदी काचेच्या पाठीमागे असते, तर या आरशाचा ॲल्युमिनियमचा थर काचेच्या पुढील अंगावर उघडाच असतो, नाहीतर दोन प्रतिमा पडल्या असत्या. त्यावर कोरडे फडके फिरविले की ओरखडे कायमचे राहतात. मऊ कुंचल्याने धूळ झटकून मग ऊर्ध्वपातित पाण्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून हलक्या हाताने पुसावे. काही भिंगे आणि पडद्याचे थर ॲक्रिलिकचे असतात. त्यांना अमोनियायुक्त काचपुसणी किंवा ॲसिटोन लावू नये. पडद्यापुढे काही संचांत एक चकचकीत संरक्षक पत्रा असतो. खोलीतील दिव्यांचे प्रतिबिंब त्यात पडते म्हणून कित्येक हौशी मालक तो काढून टाकतात आणि पेटीच्या आतील भिंतींना काळे मखमली कापड लावतात. त्यामुळे आतल्या आत विखुरणारा प्रकाश शोषला जाऊन काळा रंग खरोखर काळा होतो.

हे सारे करताना पाठीमागची कळ विसरता येत नाही. सुमारे ३०,००० व्होल्टचा दाब संच बंद केल्यावरही नलिकेच्या काचेवर आणि दाब-विभाजकात साठून राहू शकतो. धारित्र रिकामे करण्याची रीत ज्याने प्रत्यक्ष शिकून घेतली नाही त्याने विद्युत्फलकांच्या बाजूने पेटी उघडू नये, आणि ज्याने शिकली आहे त्यानेही एकट्याने उघडू नये.

वाहतुकीत संच सदैव उभा ठेवावा. आडवा केला तर आरसा सरकतो आणि शीतक द्रवाची बुचे दाबली जाऊन गळती लागते. दार, जिना आणि वळण मोजल्याशिवाय सौदा करू नये हा सल्ला हास्यास्पद वाटेल, पण जिन्यात अडकलेल्या पेटीपुढे अभिसरणाचे ज्ञान निरुपयोगी ठरते.

जोडण्यांचा विचारही आधीच व्हावा. अमेरिकेत सूक्ष्मतर चित्राचे प्रसारण १९९८ च्या अखेरीस सुरू झाले, पण त्या पहिल्या काही वर्षांतील संचांना तीन तारांची कंपोनंट जोडणीच असे. आजच्या उपकरणांची एच. डी. एम. आय. जोडणी त्यांना रूपांतरकाविना लागत नाही. तेथील पूर्ण शक्तीच्या केंद्रांचे जुन्या पद्धतीचे प्रसारण १२ जून २००९ रोजी बंद झाल्यामुळे अंकीय ग्राहक नसलेल्या संचाला वेगळी पेटी जोडावी लागते. अमेरिकेत राहून परतलेल्या एखाद्या कुटुंबाच्या सामानातून असा संच महाराष्ट्रात आला, तर आणखी दोन गोष्टी आडव्या येतात. तो १२० व्होल्टवर चालतो, म्हणून येथील २३० व्होल्टला पुरेशा शक्तीचा दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. शिवाय तो ५२५ रेषांच्या आणि सेकंदाला ६० क्षेत्रांच्या चित्रासाठी बांधलेला असल्याने येथील ६२५ रेषांचे, ५० क्षेत्रांचे चित्र अशा बहुतेक संचांवर स्थिर राहत नाही. जोडलेल्या उपकरणाचे निर्गत ६० वर ठेवता आले तरच निभाव लागतो.

संच अगदीच निकामी निघाला तरी भौतिकीच्या विभागाला त्यातून बरेच काही मिळते. पुढील अंगावर थर दिलेला मोठा आरसा, प्रखर प्रकाशमार्गाची भिंगे, सूक्ष्म आरशांची चकती आणि मीटरभर रुंदीचे फ्रेनेल भिंग हे सर्व प्रयोगशाळेत उपयोगी पडते. नलिकांच्या काचेत शिसे आणि दिव्यात पारा असल्याने ते कचऱ्यात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच द्यावेत. काढलेले फ्रेनेल भिंग मात्र जाड कापडात गुंडाळून आणि भिंतीकडे तोंड करून ठेवावे. खिडकीपाशी उघडे राहिलेले भिंग सकाळच्या उन्हात समोरचे लाकूड पेटवू शकते.